क्रियापद पुढे घ्या, काका

आमच्या चिंचणी गावात ज्याला ‘बाई, आपल्याला काही इंग्रजी येत नाही’ असं म्हणायची सवय आहे, त्याचंच बोलणं एकदा कान देऊन ऐकावं. दागिन्यांचा डायमेकर असेल तर डाय, प्रेस, सॅम्पल, फिनिशिंग, कुरिअर, ॲडव्हान्स. तारापूर एमआयडीसीत जाणारा असेल तर फर्स्ट शिफ्ट, गेटपास, ब्रेकडाउन, ओव्हरटाइम. बोटीवरचा असेल तर इंजिन, डिझेल, जीपीएस. ‘मटेरियल काल डिस्पॅच केलं, पण कुरिअरवाल्याने डिले केला’ हे आमच्याकडे चारचौघांसारखं मराठी वाक्य आहे, आणि ते मराठीच आहे. शब्द कुठूनही आणलेले असोत, बांधणी आपलीच: क्रियापद शेवटी आणि मधल्या मंडळींना ‘ने’, ‘ला’, ‘चा’ चिकटवलेले. हेच वाक्य परप्रांतातल्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत लिहायची वेळ आली की मात्र घोडं पेंड खातं. शब्द सगळे खिशात असतात. ते कुठल्या क्रमाने बाहेर काढायचे हे कळत नाही.

मी डहाणू तालुक्यात मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. आता संध्याकाळी घराच्या ओटीवर मोठ्या माणसांना शिकवते. साठीला टेकलेले एक डायमेकर काका येतात. एका केमिकल कंपनीतला ऑपरेटर येतो, बोईसरच्या एका दवाखान्यातली नर्स येते, मांगेला समाजातली कॉलेजात शिकणारी मुलगी येते, चिकूच्या वाडीचा हिशेब पाहणारा एक तरुण येतो आणि तलासरीकडून इकडे कामाला आलेला एक वारली मुलगाही येतो. यांतल्या कुणालाही एबीसीडी शिकवावी लागत नाही. २००० सालच्या जूनपासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. म्हणजे यातल्या तरुण मंडळींनी शाळेची दहा वर्षं इंग्रजीचं पुस्तक हाताळलेलं आहे. पण फळ्यावरचं वाक्य वहीत उतरवणं वेगळं आणि मनातलं वाक्य स्वतः जुळवणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीचा सराव त्यांना कुणी दिलेलाच नसतो.

क्रम चुकला की नेमकं काय बिघडतं, ते या ऑपरेटरच्या गोष्टीवरून मी सगळ्यांना सांगते. शिफ्ट संपताना लॉगबुकात दोन ओळी इंग्रजीत लिहून जायच्या असतात. प्रेशर वाढलं म्हणून याने पंप बंद केला आणि मेकॅनिकला कळवलं. लिहिलं असं: ‘प्रेशर इन्क्रीज. पंप स्टॉप. मेकॅनिक इन्फॉर्म्ड.’ सकाळी वरच्या साहेबांनी वाचलं की मेकॅनिकने कळवलं. मग मेकॅनिकला बोलावणं, ‘तू कुणाला सांगितलंस, कधी सांगितलंस’, तो म्हणतो मी कुणालाच सांगितलं नाही, मलाच यांनी सांगितलं. अर्धा दिवस गोंधळ. स्पेलिंग बरोबर होतं, शब्दही बरोबर होते. मराठीत ‘मेकॅनिकला’ मधल्या एका ‘ला’ने जे काम केलं असतं, ते करायला इंग्रजीत कुणीच नव्हतं. ‘आय इन्फॉर्म्ड द मेकॅनिक’ असं लिहिलं असतं, तर ‘मेकॅनिक’ हा शब्द क्रियापदाच्या मागे गेला असता आणि तेवढ्यानेच तो ‘मेकॅनिकला’ झाला असता.

माझ्या मते सगळं इंग्रजी व्याकरण शिकवण्याआधी शिकवायची गोष्ट ही एवढीच आहे: आपल्याकडे नात्याची खूण शब्दाच्या अंगावर असते, इंग्रजीत ती शब्दाच्या जागेत असते. ‘कोळ्याने मुशी पकडली.’ ‘मुशी कोळ्याने पकडली.’ ‘पकडली एकदाची मुशी कोळ्याने.’ कसंही फिरवा, मुशी टोपलीतच जाते. इंग्रजीत ‘द फिशरमन कॉट द शार्क’ मधल्या दोघांची जागा बदलली की ‘द शार्क कॉट द फिशरमन’, आणि घरी रडारड. हे वाक्य ओटीवर तीन जणांच्या हातात पुठ्ठे देऊन उभं करायचं आणि दोघांना जागा बदलायला लावायची. हसतात सगळे, पण ते हसणं कामाचं असतं.

मराठीतही जिथे प्रत्यय नसतो तिथे आपण गुपचूप जागेचाच आधार घेतो. ‘बोका उंदीर खातो’ या वाक्यात दोघांच्याही अंगावर खूण नाही. तरी खाणारा कोण याबद्दल कुणाला शंका येत नाही, कारण बोका आधी आलाय. (इथे बोक्याचा स्वभावही मदतीला येतो, हे मान्य.) म्हणजे जागेवरून अर्थ लावण्याचं कसब आपल्यापाशी आहेच, फक्त आपल्याला ते क्वचित वापरावं लागतं. इंग्रजांना दिवसभर वापरावं लागतं.

त्यांच्यावर ही पाळी नेहमीच नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते आणि शब्द बऱ्यापैकी मोकळेपणाने फिरत. उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांशी मिसळणं झालं, पुढे १०६६ साली नॉर्मन राजवट आली, बोलण्यात शब्दांची टोकं झिजत गेली आणि चौदाव्या शतकापर्यंत बहुतेक प्रत्यय गळून पडले. प्रत्यय गेल्यावर त्यांचं काम कुणीतरी करायला हवं होतं. ते जागेने घेतलं.

प्रत्यय भक्कम असले तर भाषा किती ऐसपैस बसते, याचा दाखला आमच्या गावच्याच मातीतून निघाला आहे. १९५५ साली चिंचणीत जमीन खणताना काही ताम्रपट सापडले. त्यातला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा. संजाण परिसराचा कारभार तेव्हा राष्ट्रकूटांच्या वतीने एक अरब अधिकारी पाहत होता. संस्कृत लेखात तो ‘मधुमती’ या नावाने येतो. हा मधुमती म्हणजे महंमद, हे दिनेशचंद्र सरकार यांनी उलगडून दाखवलं. अशा दानपत्रांत राजाच्या स्तुतीची विशेषणं ओळीच्या ओळी चालतात, आणि तरी कोण कुणाचं विशेषण हे विभक्तीवरून जुळवता येतं. गावातल्या माणसांना हा ताम्रपट माहीत नसतो, म्हणून मी तो इंग्रजीच्या वर्गात घुसडते.

आता सरावाकडे येऊ. मी पहिलं वाक्य नेहमी हेच घेते: ‘मी काल संध्याकाळी बसने बोईसरला गेलो.’ कर्ता सोडला तर क्रम असा: काल संध्याकाळी, बसने, बोईसरला, गेलो. इंग्रजीत: ‘आय वेंट टू बोईसर बाय बस येस्टरडे ईव्हनिंग.’ गेलो, बोईसरला, बसने, काल संध्याकाळी. ‘मी’ जागेवर राहिला आणि बाकीची रांग मागे फिरली. एवढंच नाही, रांगेतला एकेक जणही आतून फिरला: ‘बोईसर-ला’चं ‘टू-बोईसर’ झालं, ‘बस-ने’चं ‘बाय-बस’. हे काही योगायोगाने होत नाही. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ साली जगभरातल्या तीस भाषा पडताळून दाखवलं की क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषा संबंध दाखवणारा शब्द जवळजवळ नेहमीच नामाच्या मागे ठेवतात. क्रियापद पुढे आलं की तोही सहसा पुढे येतो. म्हणून ‘टू’ची घोकंपट्टी आणि क्रियापदाची घोकंपट्टी असे दोन धडे करायची गरज नाही. दोन्हीकडे वळण एकच.

हे सर्वांत आधी कुणाला उमगलं असेल, तर डायमेकर काकांना. दागिन्याची डाय पोलादात उलटी कोरायची असते. पेंडंटवर नाव हवं असेल तर अक्षरं उजवीकडून डावीकडे कोरायची, म्हणजे पत्रा दाबल्यावर ती सुलटी उठतात. काका म्हणाले, “बाई, म्हणजे डोक्यात मराठी सुलटं ठेवायचं आणि हाताने उलटं कोरायचं, हेच ना?” म्हटलं, हेच, पण एक सांभाळा, डाय सगळीच्या सगळी उलटी असते, इंग्रजी तसं नाही. ‘लाल साडी’ची ‘रेड सारी’च होते, ‘माझ्या भावाची बोट’ म्हणजे ‘माय ब्रदर्स बोट’. तिथे आपण आणि ते एकाच दिशेने चालतो. ‘येस्टरडे ईव्हनिंग’मध्येही काल आधी, संध्याकाळ नंतर. त्यावर काकांनी चिडून ‘मग यांचं काही एक धोरण नाही का?’ असं विचारलं, आणि मला ते अगदी रास्त वाटलं.

सरावाची रीत साधी आहे. आधी फक्त दोन शब्द म्हणायचे: ‘आय वेंट.’ थांबायचं. श्वास घ्यायचा. मग शेजारच्याने मराठीत विचारायचं, ‘कुठे?’ ‘आय वेंट टू बोईसर.’ ‘कसा?’ ‘आय वेंट टू बोईसर बाय बस.’ ‘कधी?’ ‘आय वेंट टू बोईसर बाय बस येस्टरडे ईव्हनिंग.’ दर वेळी वाक्य पहिल्यापासून म्हणायचं, शेवटचा तुकडा नुसता जोडायचा नाही. आपल्या माणसाला मनातल्या मनात सगळं वाक्य मराठीत पुरं करून मग बोलायची सवय असते. क्रियापद शेवटी येणार म्हणून तो वाट बघत बसतो. इथे त्याला सांगावं लागतं: आधी कोण आणि काय केलं, बाकी सगळं नंतर. म्हणून आमच्या ओटीवर सतत ओरडा चाललेला असतो: क्रियापद पुढे घ्या, काका. पुढे घ्या.

यात मांगेली बोलणारी मुलगी, वारली बोलणारा मुलगा आणि घरात गुजराती बोलणारा वाडीवाला, तिघेही त्याच जागी अडखळतात. बोली वेगवेगळ्या, पण क्रियापद सगळ्यांचं शेवटी. भारतात क्रियापद शेवटी न ठेवणाऱ्या भाषा शोधायच्या तर काश्मिरी घ्यावी लागते, नाहीतर मेघालयातली खासी. जगाचा हिशेब मॅथ्यू ड्रायर यांनी मांडला आहे: १,३७६ भाषांपैकी ५६४ भाषांत क्रियापद कर्ता-कर्माच्या नंतर येतं, ४८८ भाषांत इंग्रजीसारखं मध्ये. म्हणजे संख्येने आपला पक्ष मोठा आहे. हे सांगितलं की वर्गातली मान थोडी वर होते. ‘येस्टरडे आय बोईसर वेंट’ म्हणणारा माणूस ढ नसतो. तो इंग्रजी शब्दांत उत्तम मराठी बोलत असतो.

अशा शिकणाऱ्यांशी गाठ पडलेले इंग्रज मास्तर आपल्याआधी जपानमध्ये होऊन गेले, आणि त्यांचं आपल्यावर मोठं ऋण आहे. जपानीतही क्रियापद शेवटी, जपानीतही प्रत्यय मागे. हॅरॉल्ड पामर यांनी १९१६ साली वाक्यांचे तक्ते छापले होते: पहिल्या रकान्यात कर्ते, दुसऱ्यात क्रियापदं, तिसऱ्यात कर्मं, कुठल्याही रकान्यातलं काहीही उचला, वाक्य बरोबरच होणार. १९२२ पासून ते टोकियोत राहून हेच काम करत होते. त्यांच्या नंतरचे ए. एस. हॉर्नबी यांनी क्रियापदांच्या मागे काय-काय येऊ शकतं याचे साचे ठरवून शब्दकोशातच घातले. तो कोश १९४२ साली जपानमध्ये छापला गेला आणि पुढे ऑक्सफर्डने काढल्यावर जगभर गेला. आपल्या शाळांत ‘स्ट्रक्चर’ या नावाने जे आलं, त्याचं मूळ या मंडळींच्या कामात आहे.

पामरसाहेबांचा तक्ता मी ओटीच्या भिंतीवर टांगला आहे, फक्त माल आमचा. कर्त्यांच्या रकान्यात ‘माय ब्रदर’, ‘द कस्टमर’, ‘द सुपरवायझर’; क्रियापदांत ‘सेंट’, ‘चेक्ड’, ‘ऑर्डर्ड’; कर्मांत ‘द डाय’, ‘द सॅम्पल’, ‘टू बॉक्सेस ऑफ चिकू’. रोज एकाने तक्त्यातून एक वाक्य उचलायचं आणि मग त्यातला एकच शब्द स्वतःचा घालायचा. एकच. सगळं वाक्य नवं करायला गेलं की मराठी क्रम मागच्या दाराने परत येतो.

या तक्त्यांची पुढे बदनामी झाली आणि ती थोडी त्यांनी ओढवूनही घेतली. साठ मुलांनी एका सुरात ‘धिस इज अ बुक’ म्हणायचं, पुस्तक तर सगळ्यांना दिसतंय, मग सांगतोय कुणाला? एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बेंगळुरू-मद्रासकडच्या काही शाळांमध्ये याच्या उलट प्रयोग केला: व्याकरण बाजूला ठेवा, मुलांना सोडवण्याजोगं काम द्या, नकाशा द्या, रेल्वेचं वेळापत्रक द्या, मन अर्थात गुंतलं की रचना आपोआप बसत जाते. मला प्रभूंचं निम्मं पटतं. मोठ्या माणसाला, ज्याच्याकडे आठवड्यातले चार तास मोठ्या मुश्किलीने निघतात, त्याला आपोआप बसण्याइतकं इंग्रजी कानावर पडत नाही. म्हणून आधी तक्ता, मग वेळापत्रक. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते, वाणगावला थांबते. त्या वेळापत्रकावर एकाने प्रवासी व्हायचं, एकाने खिडकीवरचा बाबू. ‘आय वाँट टू रीच विरार बिफोर टेन. विच ट्रेन शुड आय टेक?’

आणि इथेच दुसरा मोठा खड्डा लागतो: प्रश्न.

मराठीत प्रश्न विचारायला वाक्याला धक्का लावावा लागत नाही. ‘तू मासे खातोस.’ शेवटी ‘का’ लावला, झाला प्रश्न. तोही लावला नाही आणि नुसता सूर चढवला तरी चालतं. ‘तू बाजारात जातोस’ मधल्या ‘बाजारात’च्या जागी ‘कुठे’ बसवलं की ‘तू कुठे जातोस?’ त्यामुळे आमचा माणूस इंग्रजीत बिनदिक्कत विचारतो, ‘यू आर गोइंग व्हेअर?’ आणि थोडा सुधारला की ‘व्हेअर यू आर गोइंग?’ पहिली उडी त्याने मारली, ‘व्हेअर’ पुढे आणलं. दुसरी राहिली: ‘आर’ने ‘यू’च्या पुढे जायचं.

ही उडी तोंडी समजावून कधीच समजत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यासाठी ओटीवर तीन पाट मांडते. पहिल्यावर ‘यू’चा पुठ्ठा घेतलेला, दुसऱ्यावर ‘आर’, तिसऱ्यावर ‘गोइंग’. मी टाळी वाजवली की ‘आर’वाल्याने उठून ‘यू’च्या पुढे जाऊन बसायचं. परत टाळी, परत जागेवर. विधान, प्रश्न, विधान, प्रश्न. मग खरी गंमत: ‘यू लाइक फिश.’ टाळी वाजते आणि कुणीच उठत नाही, कारण उठण्याजोगा सहायक या वाक्यात नाहीच. ‘लाइक’ने उठायचा प्रयत्न केला तर त्याला बसवायचं. अशा वेळी बाहेर पायरीवर बसवलेल्या ‘डू’ला हाक मारायची. तो येऊन ‘यू’च्या पुढे बसतो: ‘डू यू लाइक फिश?’ त्याला स्वतःचा काही अर्थ नाही, तो फक्त जागा भरायला आलेला असतो. शेक्सपिअरच्या काळात हा ‘डू’ ऐच्छिक होता, त्याच्याशिवायही प्रश्न विचारत; नंतर तो सक्तीचा झाला.

भूतकाळात हा ‘डू’ वाक्यातला काळ स्वतःकडे घेतो. ‘यू वेंट’ या वाक्यात भूतकाळ ‘वेंट’पाशी आहे. ‘डिड’ आला की भूतकाळ त्याच्याकडे गेला आणि ‘वेंट’चा परत ‘गो’ झाला. पाटावर ‘वेंट’चा पुठ्ठा उलटला की मागे ‘गो’ लिहिलेलं असतं. ‘डिड’ने येताना तो उलटवायचा. ‘डिड यू वेंट’ ही चूक गाइडं वाचून वर्षानुवर्षं जात नाही. पुठ्ठा स्वतःच्या हाताने उलटवला की बहुतेकांची जाते. नकाराचं तेच: ‘आय डिड नॉट गो.’ म्हणून मी तिन्ही एका दमात म्हणायला लावते: गेलो, गेलास का, गेलो नाही.

नर्सताईंची अडचण वेगळी होती. डॉक्टरांना फोनवर त्या सांगत, ‘टू पेशंट फीव्हर इज.’ पेशंटला ताप आहे. प्रत्येक मराठी शब्दाचा हिशेब चोख. पण मराठीत ज्याला काही होतं, त्याला आपण ‘ला’ लावून बाजूला बसवतो: मला भूक लागली, मला माहीत आहे, मला दोन बहिणी आहेत, मला आवडतं. इंग्रजी त्याच माणसाला उचलून कर्त्याच्या पाटावर बसवतं: ‘आय ॲम हंग्री’, ‘आय नो’, ‘आय हॅव टू सिस्टर्स’, ‘आय लाइक इट’. आणि तो पाट रिकामा ठेवणं त्यांना मुळीच चालत नाही. खाडीच्या काठावरून हाक आली की आपण ‘आलो!’ एवढंच ओरडतो, कोण आला ते ‘लो’ सांगतो. इंग्रजी क्रियापदाला तसं शेपूट नाही, म्हणून ‘आय’ म्हणावंच लागतं. पाऊस पडतोय, पाच वाजले, उशीर झाला, यांत तर बसवायला कुणी माणूसच नाही, तेव्हा ‘इट’ला पकडून आणतात: ‘इट इज रेनिंग’, ‘इट इज फाइव्ह’, ‘इट इज लेट’. ताईंना मी एवढंच सांगितलं: ‘ला’ दिसला की थांबा, आणि ‘ला’वाल्याला पुढे बसवा. ‘द पेशंट हॅज फीव्हर.’ आता त्या फोन करण्याआधी कागदावर पेशंटपासून सुरुवात करतात.

भाषांतर करून शिकू नये असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. ‘तर्खडकरी इंग्रजी’ म्हणून तिची थट्टाही झाली, पण त्या इंग्रजीचा क्रम सहसा चुकत नसे. भाषांतराचा दोष इतकाच की आपण ते एकाच दिशेने करतो. पहिल्या एलिझाबेथ राणीचे शिक्षक रॉजर ॲस्कम यांचं १५७० साली प्रसिद्ध झालेलं, दोन्ही दिशांनी भाषांतर करायला सांगणारं एक पुस्तक आहे. लॅटिनचा उतारा इंग्रजीत करा, मूळ बाजूला ठेवा, थोड्या वेळाने आपल्या इंग्रजीवरून परत लॅटिन करा आणि मुळाशी ताडून पाहा, असं त्यांचं सांगणं होतं.

डायमेकर काका नेमकं हेच करतात, ॲस्कमचं नावही न ऐकता करायला लागले होते. व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाचा इंग्रजी मेसेज येतो: ‘प्लीज सेंड मी द फोटो ऑफ द सेकंड डाय बिफोर यू कुरिअर इट.’ काका तो डायरीत मराठीत लिहितात: ‘दुसरी डाय कुरिअर करण्याआधी तिचा फोटो मला पाठवा.’ दुसऱ्या दिवशी फोन न बघता मराठीवरून इंग्रजी लिहितात आणि मग ताडतात. पहिल्यांदा त्यांचं वाक्य ‘सेकंड डाय कुरिअर बिफोर’ असं सुरू झालं. त्यांनी लाल पेनाने बाण काढला: ‘करण्याआधी’मधला ‘आधी’ शेवटून पुढे. ते बाण आता डायरीभर आहेत. शब्दांचे अर्थ कुठेच लिहिलेले नाहीत, नुसते बाण. इतकी चांगली व्याकरणाची वही मी शाळेत कधी पाहिली नाही.

लिहिणं-बोलणं जमलं तरी वाचणं उरतंच, आणि आमच्या भागात सध्या वाचायला पुष्कळ आहे. चिंचणीच्या शेजारी वाढवण बंदराला केंद्र सरकारने २०२४ साली मंजुरी दिली, खर्चाचा अंदाज ७६ हजार कोटींच्या वरचा. बंदर हवं म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघांच्याही घरात इंग्रजी कागद येऊन पडतात. मांगेला मुलगी तसले कागद घेऊन बसते. तिच्यासाठी मी सरकारी धाटणीचं एक वाक्य तयार केलं: ‘द परमिशन ग्रँटेड टू द ॲप्लिकंट इन मार्च शॅल बी डीम्ड टू बी कॅन्सल्ड.’ तिने पहिले तीन शब्द वाचून सांगितलं, परवानगी दिली. पुढचं तिला भरताड वाटलं. वाक्य म्हणतंय, मार्चमध्ये अर्जदाराला दिलेली परवानगी रद्द समजावी! आपल्याकडे ‘दिलेली’ परवानगीच्या आधी उभी राहते, आणि तिच्यातला ‘लेली’ बजावतो की मी काही वाक्याचं क्रियापद नाही. इंग्रजीत ‘ग्रँटेड’ नामाच्या मागे येतो आणि अंगावर तशी काही खूण नसते. म्हणून तिला सवय लावली: ‘शॅल’, ‘इज’, ‘हॅज’, ‘मे’ असले शब्द आधी शोधायचे, त्यांच्या खाली रेघ मारायची, आणि तिथून डावीकडचं सगळं एका कंसात घालायचं. कंसातलं सगळं मिळून एकच कर्ता. ती आता आजूबाजूच्यांना कागद वाचून दाखवते, आणि आधी पेन्सिल मागते.

स्पोकन इंग्लिशच्या जाहिराती बोईसर स्टेशनापासून सगळीकडे आहेत. तिथून आलेली मुलं मला बारा काळ धडाधड म्हणून दाखवतात. ‘आय शॅल हॅव बीन गोइंग.’ हे वाक्य चिंचणीत कुणाला, कधी लागणार आहे? बारा काळांचा तक्ता पाठ असलेला मुलगा ‘व्हॉट यू वाँट’ असलं काही विचारतो तेव्हा मला त्याच्यापेक्षा त्याने भरलेल्या फीचं वाईट वाटतं. साधा वर्तमान, साधा भूत, ‘इंग’वाला चालू आणि ‘विल’, एवढ्यावर संसार चालतो. क्रम मात्र दर वाक्यात लागतो.

सध्या ओटीवर अडलंय ते प्रश्नाच्या पोटातल्या प्रश्नावर. पाटांवर टाळ्या वाजवून ‘व्हेअर इज ही?’ इतकं पक्कं झालंय की ‘तो कुठे आहे मला माहीत नाही’चं सगळे एकमुखाने ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ करतात. इथे ‘इज’ला परत मूळ जागी बसवायचं असतं: ‘व्हेअर ही इज.’ वारली मुलाने परवा विचारलं, “बाई, एवढ्या मेहनतीने त्याला पुढे आणला, आता परत मागे का?” म्हटलं, कारण आता तू विचारत नाहीयेस, सांगतोयस. त्याला पटलं असावं, कारण पुढच्या वाक्याला ‘इज’वाला आपणहून मागे सरकला. काकांना अजून पटलेलं नाही. आणि ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ कधी शिकवणार असं चिकूवाला दर शनिवारी विचारतो. त्याला मी सध्या पुढच्या महिन्याचा वायदा देते.